डोमितिलाबाईंची शाळा

फराळाचे ताट समोर असताना बोलिव्हियातल्या खाणींच्या गोष्टी सांगणे औचित्याला धरून होईल का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण या गोष्टीत करंजी आहे, धुणे आहे, कल्हईचे कथीलही आहे. तेव्हा ती दिवाळीत सांगायला हरकत नसावी.

करंजी मात्र आपली नव्हे. तिच्यात मांस-बटाट्याचे रसदार, तिखट सारण असते आणि ती तळत नाहीत, भट्टीत भाजतात. तिकडे तिला सालतेन्या म्हणतात. डोमितिला बार्रियोस दे चुंगारा या खाणकामगाराच्या पत्नी. नवऱ्याची पहिली पाळी असली की त्या पहाटे चारला उठत, त्याची न्याहारी करून देत आणि मग शंभराच्या आसपास सालतेन्या करून रस्त्यावर विकायला नेत. मुले सात. त्यांतली मोठी कोणी विक्रीला मदत करी, कोणी कंपनीच्या कोठारापुढे मांसासाठी रांगेत उभे राही. दुपारी स्वयंपाक, मग धुणे, मग मुलांचे अभ्यास, आणि रात्री शिवणटिपण. नवऱ्याच्या पगारात घर भागत नव्हते, म्हणून हा व्याप. बोलिव्हियाच्या उंच, थंड पठारावरच्या या खाणवस्तीचे नाव होते ‘सिग्लो व्हेइंते’, म्हणजे ‘विसावे शतक’. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडीच, कारण या विसाव्या शतकात घरात नळ नव्हता. पाणी सार्वजनिक नळावरून भरून आणायचे.

खाण कथलाची. कल्हईवाला नवसागराची पूड टाकून पितळेच्या पातेल्यात फिरवीत असे, तोच हा धातू. या कथलाच्या जोरावर सिमोन पातिन्यो नावाचा माणूस जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक झाला. १९५२ मध्ये बोलिव्हियात क्रांती झाली, मोठ्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या, आणि आता आपलेच राज्य आले असे कामगारांना वाटले. मालक बदलला खरा. कोठारापुढची रांग हलली नाही. राहायला मिळे ती एखादी खोली, तीही कंपनीची. कामगार दगडाची धूळ फुप्फुसात साचून गेला किंवा कामावरून निघाला, तर त्याच्या बायकामुलांना नव्वद दिवसांत ती खोली रिकामी करावी लागे. हा नव्वद दिवसांचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो एका मोठ्या सभेत येणार आहे.

तर या बाईंनी एकदा एक तक्ता केला. आपला नवरा कमावतो आणि आपण घरी बसून खातो, असे खाणीतल्या बायकांना वाटत असे. नवऱ्यांना तर वाटेच. डोमितिलाबाईंनी धुण्याचा डझनावारी दर विचारला, महिन्यात आपण किती डझन कपडे धुतो ते मोजले आणि गुणाकार मांडला. मग स्वयंपाकिणीचा पगार, मुले सांभाळणारीचा, घरकाम करणारीचा. सगळ्यांची बेरीज केली, तेव्हा ती नवऱ्याच्या महिन्याच्या मजुरीहून कितीतरी अधिक भरली. पाटी-पेन्सिलीचा हा हिशोब, त्यात पदवीचे काही काम नाही. पण तो पुरा होईपर्यंत त्या वस्तीतल्या कोणाला ठाऊक नव्हते की खाणीचा धंदा मजुराच्या श्रमावर चालतो तसाच त्याच्या बायकोच्या फुकट श्रमावरही चालतो. ती धुते, रांधते, रांगेत उभी राहते, म्हणून तर तेवढ्या तुटपुंज्या मजुरीत तो दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर होऊ शकतो.

आपल्या घरांत हा तक्ता आयताच तयार असतो. धुण्याचे किती, भांड्यांचे किती, केर-फरशीचे किती, पोळ्यांचे किती, हे दर प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असतात. शेजारच्या इमारतीतला दरही ती सांगू शकते. फक्त हे सारे दर दुसऱ्या बाईसाठी पाठ केलेले असतात. स्वतःच्या नावापुढचा रकाना कोरा. मला तर असे वाटते, की कामाला येणाऱ्या बाईंचा दर इतका खाली असण्याचे एक कारण या कोऱ्या रकान्यातच आहे. जे काम घरची बाई फुकट करते, त्याचे बाहेरच्या बाईला द्यायचे तरी किती, असा हिशोब आपण मनातल्या मनात करीत असतो. दिवाळीच्या बोनसाची घासाघीस दारात चालू असते, तेव्हा उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच कामाची किंमत पाडली जात असते. हे लिहिताना माझ्याही घरचे दर मला पाठ आहेत, हे सांगितलेले बरे.

असो. खाणीकडे परत जाऊ. सिग्लो व्हेइंतेच्या बायका संघटित झाल्या त्या १९६१ मध्ये, आणि तेही कोणाचे व्याख्यान ऐकून नव्हे. त्यांच्या नवऱ्यांना पकडून ला पास या शहरी नेले होते. प्रत्येकजण आपापल्या नवऱ्यासाठी एकटी जाऊन विनवण्या करी आणि अपमान घेऊन परत येई. परत आल्यावर नळावर नि रांगेत एकमेकींना सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आले, की एकटीचे कोणी ऐकत नाही. मग त्या मिळून गेल्या, उपोषणाला बसल्या, आणि दहा दिवसांनी नवऱ्यांना सोडवून घेऊन आल्या. त्यातून ‘गृहिणी समिती’ निघाली. नाव किती साधे! आपल्याकडे या नावाचे मंडळ हळदीकुंकू आणि पाककृतींच्या स्पर्धा भरवील.

कामगार संघटनेच्या सभेत या समितीतली बाई पहिल्यांदा बोलायला उभी राहिली, तेव्हा पुरुषांनी शिट्ट्या मारल्या आणि घरी जाऊन स्वयंपाक करा, धुणी धुवा, असे ओरडून सांगितले. हे मालकाचे लोक नव्हते. शोषणावर तासन्‌तास बोलणारे लढाऊ कामगार होते. डोमितिलाबाई दोन वर्षांनी समितीत आल्या आणि पुढे सरचिटणीस झाल्या. खाणीतून काढून टाकलेल्या दगडांच्या ढिगांवर बसून, उरलेसुरले कथील हाताने वेचणाऱ्या विधवा बायकांची संघटना बांधण्यातही त्या होत्या. खाणकामगारांची स्वतःची रेडिओ केंद्रे होती. त्यांवरून बायका बोलत. ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरात आवाज पोचत असे.

याची किंमत त्यांनी मोजली. २४ जून १९६७ च्या पहाटे, संत योहानाच्या सणाच्या शेकोट्या अजून विझल्या नव्हत्या, तेव्हा जनरल बार्रिएन्तोसच्या सैन्याने वस्तीत शिरून गोळीबार केला. माणसे, बायका, मुले मेली. डोमितिलाबाई याविरुद्ध उघड बोलल्या, म्हणून पकडल्या गेल्या. त्या गरोदर होत्या. कोठडीत त्यांना मारहाण झाली, तिथेच त्या बाळंत झाल्या, आणि मूल गेले. याहून अधिक मी इथे लिहीत नाही. त्यांनी स्वतः ते सांगितले आहे आणि ज्याला वाचवेल त्याने ते त्यांच्याच तोंडून ऐकावे.

अशा शिकण्याला लॅटिन अमेरिकेत ‘लोकशिक्षण’ म्हणतात. शब्द मराठीला नवा नाही. पण आपल्याकडे लोकशिक्षण म्हटले की एक शहाणा मंचावर आणि अनेक अडाणी सतरंजीवर, असे चित्र डोळ्यांपुढे येते. तिकडे हा शब्द ज्यांच्या नावाशी जोडला गेला ते ब्राझीलचे पाउलो फ्रेइरे. १९६३ मध्ये आंगिकोस नावाच्या गावी त्यांनी सुमारे ३०० माणसांना ४० तासांच्या वर्गांत लिहा-वाचायला शिकवले. गवंड्याला ‘वीट’ या शब्दापासून शिकवायचे. पण आधी वीट कोण करतो, घर कोण बांधतो आणि त्यात राहतो कोण, यावर बोलायचे, मग अक्षरे. पुढल्याच वर्षी ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेइरेंना आधी तुरुंग, मग परागंदा होणे प्राप्त झाले. प्रौढ साक्षरतेचा सरकारला केवढा धाक! चिलीत असताना त्यांनी ‘दलितांचे शिक्षणशास्त्र’ म्हणता येईल असा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. शिक्षक विद्यार्थ्याच्या डोक्यात बँकेत ठेव ठेवावी तसे ज्ञान जमा करतो आणि परीक्षेत काढून घेतो, ही त्यांची टीका आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी मुकाट्याने वाचण्याजोगी आहे.

गंमत अशी की या ग्रंथात जागोजाग ‘पुरुष’ आहे. पुरुष जगाला नाव देतो, पुरुष मुक्त होतो. १९७० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि अमेरिकेतल्या स्त्रियांची पत्रे येऊ लागली: तुमच्या मुक्तीत आम्ही कुठे आहोत? ‘पुरुष’ म्हटले की त्यात स्त्री आलीच, हे नेहमीचे उत्तर फ्रेइरेंच्याही ओठांवर आले होते. पण त्यांनी ते गिळले आणि पत्रे पुन्हा वाचली. १९९२ च्या पुस्तकात त्यांनी हे सारे मोकळेपणाने लिहिले आहे, आणि त्या पत्रलेखिकांचे ऋणही मानले आहे. आमच्या क्षेत्रात थोर माणसे पुष्कळ झाली. वाचकांच्या पत्रांवरून आपले व्याकरण बदलणारी थोडी.

प्रश्न नुसत्या व्याकरणाचा नव्हताच. फ्रेइरेंचा वर्ग मजुराच्या कामापासून सुरू होतो. बाईला विचारले तू काय काम करतेस, तर ती म्हणते, काही नाही, घरीच असते. मग वर्ग सुरू व्हायचा कुठून? तो तिच्या दिवसापासून सुरू करावा लागतो: पहाटे चारपासून, धुण्याच्या डझनांपासून. फ्रेइरेंच्या पुस्तकात नसलेले हे पान खाणीतल्या बाईंनी स्वतः लिहिले होते. फक्त ते वस्तीबाहेर कोणी वाचले नव्हते. ते बाहेर आले १९७५ मध्ये.

ते वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने महिला वर्ष ठरवले होते. जून-जुलैत मेक्सिको शहरात मोठी परिषद भरली. एका ठिकाणी सरकारी प्रतिनिधी, दुसऱ्या ठिकाणी बिनसरकारी सभा, आणि तिथे जगभरच्या हजारो स्त्रिया. बोलिव्हियाहून या दुसऱ्या सभेला डोमितिलाबाईंना बोलावणे आले. निघताना गृहखात्याच्या एका बाईने त्यांना बजावले, की तिकडे काय बोलाल त्यावर तुमचे परत येणे अवलंबून आहे. खाणीतली बाई पहिल्यांदाच एवढा प्रवास करून गेली, तिला वाटले आता जगातल्या सगळ्या गरिबांची दुःखे एका जागी मांडली जातील. पाहते तो ध्वनिक्षेपकासाठी रेटारेटी, आणि चर्चा अशा विषयांच्या की त्यांतले काही तिने उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते.

त्या बोलायला उभ्या राहिल्या, गोळीबाराचे आणि उपासमारीचे सांगू लागल्या, तेव्हा मेक्सिकोच्या शिष्टमंडळातल्या एक प्रमुख बाई जवळ येऊन म्हणाल्या, की क्षणभर ते सारे विसरा. आपण दोघी स्त्रिया आहोत, तुमच्या-माझ्याबद्दल बोलू या. डोमितिलाबाईंनी त्यांचे म्हणणे शब्दशः मान्य केले. बोलू या म्हणाल्या, तुमच्या-माझ्याबद्दलच. तुम्हाला आठवडाभर पाहते आहे. रोज वेगळा पोशाख, रोज नीट केलेले केस. माझे तसे नाही. संध्याकाळी तुम्हाला न्यायला मोटार येते. मला येत नाही. तुमचे घर चांगल्या वस्तीत असणार. माझे घर उसने आहे, नवरा गेला की नव्वद दिवसांत सोडायचे. आता सांगा, तुमच्यात आणि माझ्यात सारखे काय आहे? आणि सारखे काही नसेल, तर तुम्ही माझ्या वतीने कशा बोलणार?

हा प्रसंग मी माझ्या शब्दांत सांगितला आहे. तो वाचताना आपल्याला डोमितिलाबाईंच्या बाजूने उभे राहावेसे वाटते, आणि टाळ्याही वाजवाव्याशा वाटतात. पण हा अंक वाचणाऱ्या घरांत, आणि तो लिहिणाऱ्यांच्याही, नव्वद दिवसांची नोटीस येत नाही. रोज वेगळी साडी नेसणाऱ्यांत आपण मोडतो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी आपल्यावर आहे.

त्या सभेत त्याचे उत्तर कोणी दिले नाही. पण तिथे मोएमा व्हिएझेर नावाची ब्राझीलची एक समाजशास्त्रज्ञ होती. शिकलेली, मध्यमवर्गीय, आपल्या देशातल्या लष्करी राजवटीमुळे बाहेर पडलेली. तिने भाषण केले नाही. डोमितिलाबाईंना विचारले, तुमची सारी हकीकत सांगाल का? मग ऐकत बसली, ध्वनिमुद्रण करीत राहिली, पुन्हा विचारीत राहिली. ते पुस्तक १९७७ मध्ये मेक्सिकोत स्पॅनिशमध्ये निघाले, पुढल्या वर्षी इंग्रजीत आले, मग अनेक भाषांत गेले. त्याच्या नावाचा अर्थ ‘मला बोलू दिलेत तर’. अशा पुस्तकाचा लेखक कोण, हा वाद प्राध्यापक मंडळी आवडीने घालतात. मराठीच्या माणसाला तो फारसा छळू नये. चक्रधरांनी एक ओळ लिहिली नाही, म्हाइंभटाने पायपीट करून आठवणी गोळा केल्या, आणि आपले गद्य तिथून सुरू झाले. ऐकणारा चांगला असला तर त्याचे नाव मागे राहिले तरी बिघडत नाही. मोएमाबाईंनी मायदेशी परतल्यावर १९८० मध्ये साओ पाउलोला स्त्रियांच्या लोकशिक्षणासाठी ‘रेदे मुल्येर’, म्हणजे ‘स्त्रियांचे जाळे’, ही संस्था काढली. १९८२ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या प्रौढशिक्षण संस्थांची परिषद स्थापन झाली, फ्रेइरे तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्याच दशकात देशोदेशींच्या या स्त्री-गटांचेही जाळे विणले गेले.

डोमितिलाबाईंचे सगळेच मला पटते असे नाही. आमचे भांडण पुरुषांशी नाही, त्यांच्या बरोबरीने आहे, असे त्या म्हणत. स्त्रीमुक्ती हा श्रीमंत देशांतल्या बायकांचा विषय आहे, असा त्यांचा सूर असे. पण सभेत शिट्ट्या कोणी मारल्या होत्या? धुण्याच्या तक्त्यात दुसरा रकाना कोणाच्या मजुरीचा होता? त्यांच्या हिशोबाने त्यांच्या भाषणापेक्षा पुढची गोष्ट सांगितली आहे, असे मला वाटते.

बोलिव्हियात १९७७ च्या नाताळात पुढचा अंक झाला. जनरल बान्सेरची राजवट, संघटनांवर बंदी, खाणींत सैन्य, शेकडो माणसे परागंदा. २८ डिसेंबरला खाणकामगारांच्या चार बायका मुले बरोबर घेऊन ला पासला आर्चबिशपच्या वाड्यात उपोषणाला बसल्या: ऑरोरा दे लोरा, नेली दे पानियाग्वा, अँखेलिका दे फ्लोरेस आणि लुसमिला दे पिमेन्तेल. मागण्या चार. परागंदांना आणि कैद्यांना माफी, काढलेल्यांना काम, संघटनांना मोकळीक, खाणींतून सैन्य मागे. चार बायका काय करणार, म्हणून सरकार स्वस्थ राहिले. दोन-चार दिवसांत डोमितिलाबाई बसल्या, मग धर्मगुरू, विद्यार्थी, मानवी हक्कांचे कार्यकर्ते. गावोगावी चर्चमध्ये आणि कचेऱ्यांत उपोषणाची ठाणी झाली. तीन आठवड्यांत आकडा हजाराच्या वर गेला. १७ जानेवारीला पोलिसांनी काही ठाण्यांवर छापे घातले, पण लगोलग सरकारला माघार घ्यावी लागली आणि माफी जाहीर झाली. १९६१ च्या दहा दिवसांच्या उपोषणात नळावरच्या बायका जे शिकल्या, ते सोळा वर्षांनी साऱ्या देशाला उपयोगी पडले.

लोकशाही मात्र लगेच आली नाही. जुलै १९८० मध्ये डोमितिलाबाई कोपनहेगनला दुसऱ्या जागतिक महिला परिषदेत असतानाच बोलिव्हियात पुन्हा लष्करी बंड झाले. परतीची वाट बंद झाली आणि त्यांना स्वीडनमध्ये आसरा घ्यावा लागला. पुढल्याच वर्षी, १९८१ च्या जुलैत, बोगोटा इथे लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या पहिल्यांदा एकत्र जमल्या. २५ नोव्हेंबर १९६० रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी मारलेल्या तीन मिराबाल भगिनींच्या स्मरणार्थ, स्त्रियांवरील हिंसेच्या निषेधाचा दिवस त्यांनी तिथे ठरवला. संयुक्त राष्ट्रसंघाने तो १९९९ मध्ये मान्य केला. हा अंक तुमच्या टेबलावर असेल तेवढ्यात तो दिवस येईल आणि वर्तमानपत्रांत सरकारी जाहिराती छापून येतील.

डोमितिलाबाई १९८२ मध्ये मायदेशी परतल्या. पण तीन वर्षांनी कथलाचे भाव कोसळले. सरकारने खाणी आवरत्या घेतल्या, वीस हजारांहून अधिक कामगार निघाले. गृहिणी समिती ज्या नळावर आणि रांगेत जन्मली, ती वस्तीच विस्कटली. माणसे पोटासाठी देशभर पांगली. बाई कोचाबांबा शहरात राहायला गेल्या आणि तिथे त्यांनी फिरती शाळा काढली. इमारत नाही, प्रवेशअर्ज नाही. जिथे माणसे जमतील त्या वस्तीत जायचे आणि बोलायला बसायचे. १३ मार्च २०१२ रोजी त्या वारल्या, तेव्हा बोलिव्हियाच्या सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला आणि देशाचा सर्वोच्च किताब त्यांना मरणोत्तर दिला. एकेकाळी ह्याच सरकारच्या गृहखात्याने त्यांना विमानतळावर तंबी दिली होती.